समांतर-गट जैवसमतुल्यता अभ्यास: सीव्ही कुठून घ्यावा आणि त्यावर किती विसंबावे

नांदेडला एम.फार्म. करून सध्या वाळूजमध्ये प्रोटोकॉल लिहिण्याचे काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका औषधाची जैवसमतुल्यता तपासायची आहे, म्हणजे नवे चाचणी-औषध आणि मूळ संदर्भ-औषध रक्तात सारख्याच प्रमाणात पोहोचतात का ते पाहायचे आहे. औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातली त्याची मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे दहा दिवसांचे आहे. क्रॉसओव्हर अभ्यास (प्रत्येक जण दोन्ही औषधे आळीपाळीने घेतो) करायचा तर मध्ये आठ आठवड्यांची विश्रांती ठेवावी लागते आणि तेवढ्यात स्वयंसेवक गळतात, म्हणून समांतर-गट रचना ठरली आहे. कंपनीच्याच एका जुन्या क्रॉसओव्हर अभ्यासाच्या अहवालात (२४ व्यक्ती) एयूसीचा (रक्तातल्या औषधाच्या सांद्रता-काळ आलेखाखालच्या क्षेत्रफळाचा) सीव्ही, म्हणजे सरासरीच्या टक्केवारीत मोजलेला चढउतार, १८ टक्के दिला आहे. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये घातल्यावर दोन्ही गट मिळून ३० जण पुरेसे आहेत असे उत्तर आले, पण वरिष्ठांना ही संख्या फार कमी वाटते. मग सीव्हीचा अंदाज करायचा कसा?

तुमच्या वरिष्ठांची शंका रास्त आहे. आकडेमोडीत तुमची चूक झालेली नाही, चूक आकड्याच्या निवडीत आहे. अहवालातला १८ टक्के हा एकाच व्यक्तीच्या आतला चढउतार आहे, म्हणजे त्याच माणसाला तेच औषध पुन्हा दिले तर एयूसी किती हलते, याचे ते माप आहे. क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक जण चाचणी-औषध आणि संदर्भ-औषध दोन्ही घेतो, त्यामुळे माणसामाणसांतला फरक वजाबाकीत निघून जातो आणि आतला चढउतार तेवढा उरतो. समांतर-गट रचनेत एक माणूस एकच औषध घेतो. तिथे वजाबाकी करायला दुसरे मोजमापच नसते, म्हणून व्यक्तींमधला फरक आणि व्यक्तीच्या आतला चढउतार हे दोन्ही मिळून होणारे एकूण प्रचरण, म्हणजे व्हेरिअन्स, तुमच्या हिशेबात आले पाहिजे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. सोयाबीनच्या दोन वाणांची तुलना करायची असेल तर तो एकाच रानाचे दोन भाग करून पेरतो. एक वाण गोदाकाठच्या काळ्या भारी जमिनीत आणि दुसरे बालाघाटच्या मुरमाड माळावर पेरून उतारा ताडून पाहिला, तर दिसणारा फरक बियाण्याचा की जमिनीचा हे कोणालाच सांगता येणार नाही. समांतर-गट अभ्यासात आपल्याला वेगवेगळी राने घ्यावीच लागतात, त्याला इलाज नाही. इलाज एवढाच की राने पुरेशी घ्यायची आणि कोणत्या रानात कोणते वाण पडेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे रानारानांत फरक किती आहे त्यावरच ठरते.

आता तुमच्या हातातला अहवाल पुन्हा उघडा. सारांशाच्या पानावर न थांबता परिशिष्टातला ॲनोव्हाचा, म्हणजे प्रचरणाच्या विश्लेषणाचा, तक्ता काढा. त्यात ‘अनुक्रमातील व्यक्ती’ अशी एक ओळ असते. क्रॉसओव्हरच्या निकालासाठी ती लागत नाही, म्हणून तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पण तुम्हाला हवी असलेली माहिती त्याच ओळीत आहे. लॉग-रूपांतरित एयूसीवर केलेल्या दोन-कालखंडी, दोन-अनुक्रमी अभ्यासात त्या ओळीची सरासरी वर्गबेरीज (मीन स्क्वेअर) आणि त्रुटीची, म्हणजे व्यक्तीच्या आतल्या चढउताराची, सरासरी वर्गबेरीज यांची बेरीज करून दोनने भागले की एकूण प्रचरण मिळते. बेरजेऐवजी वजाबाकी करून दोनने भागले तर फक्त व्यक्तींमधले प्रचरण मिळते. दोन्ही अनुक्रमांत सारखी माणसे असतील आणि प्रत्येकाचे दोन्ही कालखंड पूर्ण झाले असतील, तर हे सरळ सूत्र चालते. मधूनच कोणी गळाले असेल तर व्यक्तीला यादृच्छिक घटक मानणाऱ्या मिश्र प्रतिमानातून (मिक्स्ड मॉडेल) दोन्ही प्रचरणे काढून घ्यावीत.

एक उदाहरण करून पाहू. समजा, त्रुटीची सरासरी वर्गबेरीज ०.०३२ आहे. प्रचरणावरून सीव्ही काढायचा तर ई या नैसर्गिक लॉगच्या पायाचा प्रचरणाइतका घात घेऊन त्यातून एक वजा करायचा आणि वर्गमूळ काढायचे. ०.०३२ वरून तो १८ टक्के येतो, म्हणजे तुमच्या अहवालातला आकडा बरोबर जुळला. आता व्यक्तींच्या ओळीत ०.३०० आहे असे धरा. एकूण प्रचरण ०.१६६ झाले आणि त्यावरून एकूण सीव्ही सुमारे ४२.५ टक्के आला. दोन औषधांचे खरे गुणोत्तर ०.९५, पॉवर (औषधे खरोखर समतुल्य असताना ते सिद्ध होण्याची शक्यता) ८० टक्के आणि गुणोत्तराचे ९० टक्के विश्वास-अंतराल (अंदाजाभोवतीची अनिश्चिततेची कक्षा) ज्यात बसावे लागते ती नेहमीची ८०.०० ते १२५.०० टक्क्यांची मर्यादा धरली, तर दोन्ही गट मिळून सुमारे १४५ माणसे लागतात. तुमच्याकडे ३० होती.

३० जणांत अभ्यास केला असता तर काय झाले असते, हेही पाहून घ्या, कारण ‘पॉवर थोडी कमी पडली असती’ एवढ्यावर हे थांबत नाही. लॉग मापावर ८० ते १२५ या पट्ट्याची अर्धी रुंदी ०.२२३ आहे. एकूण प्रचरण ०.१६६ असताना दर गटात १५ माणसे घेतली तर गुणोत्तराच्या ९० टक्के विश्वास-अंतरालाची अर्धी रुंदी सुमारे ०.२५३ येते. म्हणजे अंतराल पट्ट्यापेक्षाच रुंद. दोन्ही औषधे तंतोतंत सारखी निघाली, गुणोत्तर बरोबर १०० टक्के आले, तरी एवढ्या प्रचरणात हा अभ्यास उत्तीर्ण होऊ शकत नाही. तीस माणसांनी औषध घेतले असते, शिरेत सुई टोचून घेतली असती, आणि त्या रक्तातून काहीच सिद्ध झाले नसते. नमुना-संख्येच्या या गणिताबद्दल मी इतका आग्रही का असतो, त्याचे कारण हे आहे. नैतिक समितीपुढे मोठ्या संख्येचे समर्थन करताना आपण संकोचतो, पण अपुऱ्या संख्येचे समर्थन तर कोणत्याच शब्दांत करता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एकूण सीव्ही ४२ टक्के दिसला की काही जण लगेच म्हणतात, हे तर ‘अतिचल’ औषध आहे, मर्यादा रुंदावून घेऊ. तसे करता येत नाही. अतिचल हे विशेषण व्यक्तीच्या आतल्या सीव्हीवरून लागते, आणि तो ३० टक्के किंवा त्याहून जास्त असावा लागतो. तुमच्या औषधाचा तो १८ टक्के आहे. शिवाय संदर्भ-औषधाच्या प्रचरणानुसार मर्यादा बदलण्याच्या पद्धतीला तेच औषध त्याच माणसाला पुन्हा देणारी रचना लागते, आणि समांतर-गटात ती नसतेच. सीव्ही कितीही मोठा आला तरी पट्टा तोच राहतो, माणसे वाढवावी लागतात. अंदाज यावा म्हणून सांगतो: वरच्याच गृहीतकांवर एकूण सीव्ही ३० टक्के असेल तर सुमारे ७६, ४० टक्के असेल तर सुमारे १३० आणि ५० टक्के असेल तर सुमारे १९४ माणसे लागतात.

यानंतरचा मुद्दा माझ्या मते पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि अनुभवी माणसेही तो सोडून देतात. ०.१६६ हे प्रचरण २४ माणसांवरून काढलेले अनुमान आहे, निसर्गाने लिहून दिलेला स्थिरांक नव्हे. दुसऱ्या २४ जणांत ते ०.१३ आले असते किंवा ०.२१ ही आले असते. लहान अभ्यासातला सीव्ही जसाच्या तसा पुढच्या मोठ्या अभ्यासासाठी धरणे म्हणजे एका वर्षाचा पाऊस पाहून विहिरीची खोली ठरवणे. म्हणून प्रचरणाची वरची विश्वास-मर्यादा काढावी. प्रचरणाला त्याच्या स्वातंत्र्य-मात्रेने (अंदाजामागच्या स्वतंत्र माहितीच्या संख्येने) गुणावे आणि काय-वर्ग वितरणाच्या योग्य बिंदूने भागावे. तुमच्या उदाहरणात दोन सरासरी वर्गबेरजांवरून मिळून सॅटरथ्वेट पद्धतीने सुमारे २६ स्वातंत्र्य-मात्रा येतात. ८० टक्के खात्रीच्या एकतर्फी वरच्या मर्यादेसाठी काय-वर्गाचा बिंदू १९.८२ आहे. ०.१६६ ला २६ ने गुणून १९.८२ ने भागले की ०.२१८ मिळते, म्हणजे सीव्ही सुमारे ४९ टक्के आणि माणसे सुमारे १९०.

१४५ घ्यायची की १९०? मी स्वतः या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी संख्या ठरवतो, आणि आधारभूत अभ्यास जितका लहान तितका वरच्या टोकाकडे सरकतो. ही निवड एखाद्या कोष्टकातून वाचून मिळत नाही. पण प्रोटोकॉलमध्ये दोन्ही संख्या आणि निवडीचे कारण लिहिलेले असले की परीक्षण करणाऱ्याला तुमचा विचार दिसतो. ‘आर’ मधले पॉवरटॉस्ट हे विनामूल्य पॅकेज प्रचरणाची ही अनिश्चितता हिशेबात धरून अपेक्षित पॉवरही काढून देते. त्या पद्धतीवर विसंबायला हरकत नाही, फक्त सीव्हीमागची स्वातंत्र्य-मात्रा किती हे तिला खरे सांगायला हवे.

तुमच्याकडे सुदैवाने स्वतःचा अहवाल आहे. पुष्कळदा तो नसतो आणि प्रकाशित लेखांवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून त्याबद्दलही लिहितो.

आधीच झालेल्या समांतर-गट अभ्यासाचे विश्वास-अंतराल प्रकाशित असेल तर त्यातून एकूण प्रचरण उलटे काढता येते. समजा, दर गटात ४० माणसे आहेत आणि ९० टक्के विश्वास-अंतराल ८८.०० ते ११२.०० आहे. दोन्ही टोकांचे नैसर्गिक लॉग घेतले तर रुंदी ०.२४१ आणि अर्धी रुंदी ०.१२०६ येते. ७८ स्वातंत्र्य-मात्रांसाठी टी-मूल्य १.६६५ आहे, त्याने भागले की प्रमाण त्रुटी ०.०७२४ मिळते. तिचा वर्ग करून दोन चाळिसांशांनी, म्हणजे ०.०५ ने, भागले की प्रचरण ०.१०५ आणि सीव्ही ३३ टक्के. गट असमान असतील तर ०.०५ च्या जागी दोन्ही संख्यांच्या व्यस्तांची बेरीज घ्यावी. लेखकांनी वजनासारखा सहघटक प्रतिमानात घातला असेल, तर मिळणारे प्रचरण तो घटक वगळून उरलेले आहे, हे विसरू नये. तुमच्या विश्लेषणात तो घटक नसेल तर तुमचे प्रचरण त्याहून मोठे असेल.

विश्वास-अंतरालही नसेल तर सरासरी आणि प्रमाण विचलन यांच्यावर काम भागवावे लागते. त्यांचा भागाकार म्हणजे सीव्ही, आणि एक अधिक सीव्हीचा वर्ग याचा लॉग म्हणजे लॉग मापावरचे प्रचरण. यात एक जुना सापळा आहे. ‘१२४० ± ६२, ३६ व्यक्ती’ असे दिसले की पाच टक्के सीव्ही पाहून मन हरखते. माणसामाणसांतली एयूसी इतकी एकसारखी फार क्वचित असते. अशा वेळी तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचावी. ६२ हे प्रमाण विचलन नसून बहुधा प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) निघते. तिला ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे सहाने, गुणले की प्रमाण विचलन ३७२ आणि सीव्ही सरळ ३० टक्के. मी तपासलेल्या प्रोटोकॉलमध्ये ही चूक एकापेक्षा जास्त वेळा सापडली आहे, आणि दर वेळी ती लिहिणारा माणूस हुशारच होता. घाईत ± या चिन्हापलीकडे कोणी पाहत नाही, एवढेच.

अनेक अभ्यास हाती असतील तर सीव्हींची साधी सरासरी घेऊ नये. प्रत्येकाचे प्रचरण काढून त्याला त्याच्या स्वातंत्र्य-मात्रेने भारित करून एकत्र करावे आणि शेवटी सीव्हीत रूपांतर करावे. पण आधी ते अभ्यास एकत्र करण्याजोगे आहेत का ते पाहावे. उपाशीपोटीचा अभ्यास आणि जेवणानंतरचा अभ्यास, निरोगी तरुण आणि रुग्ण, ७२ तासांपर्यंतची एयूसी आणि पूर्ण एयूसी यांची मोट बांधून मिळालेला आकडा कोणाचाच नसतो. तुमच्या औषधासाठी ७२ तासांपर्यंतची एयूसी हे प्रमुख माप असणार, तर सीव्हीही त्याच मापाचा हवा. सीमॅक्ससाठी, म्हणजे रक्तातल्या सर्वोच्च सांद्रतेसाठी, वेगळा हिशेब करावा आणि दोघांपैकी ज्याला जास्त माणसे लागतील त्याप्रमाणे संख्या ठरवावी.

परदेशातल्या लेखावरून सीव्ही उचलताना लोकसंख्येचाही विचार व्हावा. सर्वांना मात्रा एकच, पण शरीराचे वजन वेगळे, आणि बऱ्याच औषधांत एयूसीतल्या फरकाचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. आपल्या स्वयंसेवकांत अठ्ठेचाळीस किलोचा शेतमजूर आणि ऐंशी किलोचा दुकानदार एकाच गटात येतात. औषधाचा निचरा सीवायपी२सी१९ किंवा सीवायपी२डी६ यांसारख्या विकरावर अवलंबून असेल तर ते मंद गतीने निचरा करणारे लोक कोणत्या गटात किती पडले, यानेही निकाल हलतो. म्हणून वजनासारख्या घटकांचे स्तर करून यादृच्छिक वाटप करावे आणि तो सहघटक विश्लेषणात येणार असेल तर तसे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहावे. वजनामुळे प्रचरणाचा पाचवा हिस्सा समजावला गेला तर माणसेही साधारण पाचव्या हिश्शाने कमी लागतात. मात्र स्वतःच्या औषधाच्या विदेवर (डेटावर) हे पाहिलेले नसेल तर ती बचत आधीच खर्च करू नये. आयसीएच या औषध-नियमांच्या सुसूत्रीकरणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०२४ च्या एम१३ए मार्गदर्शिकेतही समांतर-गटांनी वय, वजन, लिंग यांसारख्या घटकांत तुल्य असावे अशीच अपेक्षा आहे. दर गटात किमान बारा ही तिथली संख्या केवळ तळरेषा आहे, तिला नमुना-संख्येचे उत्तर समजू नये.

काहीच माहिती नसेल तर लघु-अभ्यास करावा, पण त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. दर गटात बारा घेतले आणि सीव्ही ३० टक्के दिसला, तर २२ स्वातंत्र्य-मात्रांवर त्याची ८० टक्के खात्रीची वरची मर्यादा ३५ टक्के येते आणि ७६ ची संख्या सुमारे १०२ होते. लघु-अभ्यासातले गुणोत्तर तर त्याहून कच्चे असते. ते ९९ टक्के आले म्हणून पुढच्या हिशेबात ०.९९ धरणे धोक्याचे आहे. उलट ०.९५ देखील आशावादी ठरू शकते: तुमच्या ४२.५ टक्के सीव्हीला गुणोत्तर ०.९० धरले तर १४५ ची संख्या सुमारे ३०० वर जाते. सीव्हीवर इतका काथ्याकूट करणाऱ्यांनी गुणोत्तरावरही तेवढाच वेळ घालवावा, असे मला वाटते. दोन टप्प्यांची रचना हाही एक मार्ग आहे. पहिल्या टप्प्यात प्रचरण पाहून दुसऱ्याची संख्या ठरवायची. २००८ मध्ये पॉटविन आणि सहकाऱ्यांनी क्रॉसओव्हरसाठी ०.०२९४ या कमी केलेल्या अल्फासह (चुकीने समतुल्य ठरवण्याची मान्य जोखीम) ती मांडली आणि पुढे समांतर-गटासाठीही तिचा अभ्यास झाला. पण त्यातला प्रत्येक नियम पहिला स्वयंसेवक घेण्यापूर्वी कागदावर असावा लागतो.

दोन्ही गटांची प्रचरणे सारखीच असतील असे धरू नये, हे अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००१ च्या सांख्यिकी मार्गदर्शिकेत समांतर-गटांसाठी स्पष्ट लिहिले आहे. समान प्रचरणे न धरणारी वेल्चची पद्धत नमूद करा आणि दोन्ही गट समान ठेवा, म्हणजे या बाजूने फारसे नुकसान होत नाही.

गळतीचे पाहू. १५ टक्के गळती धरली म्हणून (३० टक्के सीव्हीला लागणाऱ्या) ७६ मध्ये १५ टक्के मिळवू नका. तसे ८८ होतात आणि त्यातले १५ टक्के गेल्यावर ७५ सुद्धा उरत नाहीत. ७६ ला ०.८५ ने भागा, ९० येतील. आणि गळतीचा दर कुठल्या लेखातून न उचलता आपल्या पंचांगातून काढा. काही वर्षांपूर्वी आमचा असाच एक अभ्यास होता. रक्तनमुन्यांसाठी स्वयंसेवकांना कित्येक आठवडे फेऱ्या माराव्या लागत होत्या. भरती सप्टेंबरात झाली, बरेच जण धारूर-वडवणीकडचे. दसरा होऊन गेला आणि एका संध्याकाळी एकाचा फोन आला, “सर, मुकादमाची गाडी उद्या निघतेय. उचल घेतलेली हाय, जावंच लागंल.” त्या आठवड्यात असे फोन येतच राहिले. ऊसतोडीला गेलेला माणूस उन्हाळ्याच्या तोंडावरच परत येतो, त्यामुळे ते नमुने कायमचे गेले. त्यांचा यात काहीही दोष नव्हता. भरतीची तारीख ठरवताना हंगामाचा विचार आम्ही करायला हवा होता. तेव्हापासून लांबलेल्या अभ्यासाचा आराखडा हाती आला की मी आधी त्याच्या फेऱ्या पेरणी आणि ऊसतोड यांच्या तारखांशी ताडून पाहतो, मग गळतीचा आकडा लिहितो. समांतर-गटात एक माणूस गेला तर त्याचे एकच मोजमाप जाते हे खरे. पण गळती एकाच गटात जास्त झाली तर तिचे कारण औषधात तर नाही ना, हे शोधावेच लागते.

तुमच्या प्रोटोकॉलसाठी आता एवढे करा. परिशिष्टातल्या तक्त्यातून एयूसी आणि सीमॅक्स दोन्हींच्या व्यक्तींच्या आणि त्रुटीच्या सरासरी वर्गबेरजा घ्या. अहवालातली एयूसी कितव्या तासापर्यंतची आहे ते तपासा. ती ७२ तासांची नसेल तर मूळ सांद्रतांवरून पुन्हा काढा, कंपनीच्या अभिलेखागारात त्या असतील. मग एकूण प्रचरण, त्याची वरची मर्यादा, आणि गुणोत्तर ०.९५ व ०.९० असताना लागणाऱ्या संख्या अशा चारही जोड्या एका छोट्या तक्त्यात मांडून वरिष्ठांपुढे ठेवा. तक्त्यात व्यक्तींची ओळ छापलेलीच नसेल, तर प्रत्येक व्यक्तीच्या दोन्ही कालखंडांच्या एयूसी मागवून घ्या. चोवीस ओळींची ती विदा हाती आली की हिशेब तासाभराचा आहे.